विंच आणि त्याचे चार बोल्ट

मे संपत आला की पुण्यातल्या फोर बाय फोरवाल्यांच्या चहाच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो, विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढायला पुढे बसवतात ते मोटरवर फिरणारं ड्रमचं यंत्र, किती ओढीचा घेऊ, साडेनऊ हजार पौंडाचा की बारा हजारचा? मग जिप्सीवाला एक सांगतो, थारवाला दुसरं, आणि शेवटी ज्याचं बजेट जास्त तो बारा हजार पौंडाचा घेऊन मोकळा होतो. मला विचारलं की मी सांगतो, आधी गाडीखाली झोप आणि चासीचं पुढचं तोंड बघ, आकड्याचं नंतर बोलू. लोकांना वाटतं मी टाळतोय, पण मी अगदी मनापासून सांगत असतो. ओढायची ताकद बॉक्सवर छापून विकत मिळते, पण ती झेलायची जागा कुठल्याच बॉक्समध्ये येत नाही, ती आपल्याला करून घ्यावी लागते आणि माझ्या मते ऐंशी टक्के डोकं तिथेच लावायला हवं.

तरी आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तोही नीट कळलेला नसतो. सगळीकडे एकच नियम सांगतात की गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट विंच घ्या. नियम बरोबरच आहे. जिप्सी किंवा जिम्नी भरून साधारण दीड टनाला जाते, म्हणजे सव्वादोन टन ओढणारा, पाच हजार पौंडांचा पुरेल असं कागदावर दिसतं. थार सामानासकट दोन टनांच्या वर जाते, मग साडेसात हजार पौंड. पण या हिशोबात जमीन कुठेच नाही, आणि आपण जिथे गाड्या घालतो तिथे सगळा खेळ जमिनीचाच आहे. पुण्याच्या पूर्वेला दौंड-शिरूरकडे गेलात तर काळी माती, पाणी प्यायली की फुगणारी, टायरला अशी लपेटते की नक्षीच दिसत नाही आणि चारही चाकं गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतात. पश्चिमेला पौडच्या पुढे, मुळशी, वेल्हे, पानशेतकडे लाल चिखल, भातखाचरं आणि गवताखाली लपलेला ओला कातळ. शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट ताम्हिणीत पडतो, आणि तो सगळा त्याच लाल मातीच्या रस्त्यांवरून वाहत जातो.

अमेरिकन लष्कराच्या रिकव्हरी मॅन्युअलमध्ये, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढायच्या पुस्तकात, याचा एक साधा ठोकताळा दिलाय, तो मला फार आवडतो. गाडी चाकांपर्यंत रुतली तर ती काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते असं धरायचं, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. वर चढ असेल तर प्रत्येक अंशाला वजनाचा साठावा भाग मिळवायचा. आता दोन टनाची थार घ्या. चाकं रुतलीत आणि पंधरा अंशाचा चढ आहे, दोन टन अधिक अर्धा, अडीच टन. हीच थार मडगार्डपर्यंत बसली तर चार अधिक अर्धा, साडेचार टन. आणि साडेनऊ हजार पौंड म्हणजे किती, तर साधारण ४३०० किलो. म्हणजे दीडपटीच्या नियमात आरामात बसणारा विंच इथे कमी पडतो.

त्यात अजून एक गोम आहे. ते ४३०० किलो फक्त ड्रमवर दोराचा शेवटचा, सगळ्यात आतला थर उरलेला असताना मिळतात. ड्रमवर दोर जितका जास्त गुंडाळलेला तितका ड्रमचा व्यास मोठा आणि ओढ कमी, प्रत्येक थराला दहा-पंधरा टक्के जातात, चौथ्या थरावर साठ-पासष्ट टक्के उरली तरी खूप. समोर पाच मीटरवर छान झाड दिसलं, माणूस खुश होतो, जवळ आहे म्हणून. खरं तर ती सगळ्यात वाईट परिस्थिती आहे. जवळपास सगळा दोर ड्रमवर आणि हातात पावणेतीन टनाच्या आसपास ओढ. लांबचं झाड बरं.

म्हणून मी म्हणतो की बारा हजारचा विंच घेण्याआधी एक चांगली कप्पी घ्या. दुकानात तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. दोर गाडीतून निघून झाडाजवळच्या कप्पीतून परत गाडीकडे आला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि दोर दुप्पट बाहेर काढावा लागल्यामुळे ड्रमवरचे थरही कमी होतात, म्हणजे फायदा दोन्हीकडून. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा फायदा, ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही. परत आलेलं टोक आपण गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे चासीला पक्क्या बसवलेल्या ओढायच्या कड्याला, अडकवतो, त्यामुळे ओढीचा अर्धा भार त्या पॉइंटवर जातो आणि विंच ज्या लोखंडी प्लेटवर बसवलेला असतो तिच्यावर अर्धाच राहतो. प्लेट, बोल्ट, मोटर, बॅटरी सगळ्यांना श्वास घ्यायला मिळतो. फक्त पलीकडे झाडावर मात्र दुप्पट भार येतो, तो विसरायचा नाही.

तेव्हा माझं मत, जिप्सी-जिम्नीला आठ हजार पौंडाचा भरपूर झाला, थार-गुरखाला साडेनऊ, आणि बारा हजारचा ज्यांची गाडी रूफ टेंट, पाण्याच्या टाक्या, लोखंडी बंपर घेऊन फिरते त्यांनी. जिप्सीच्या पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर चाळीस किलोचा विंच, त्यावर बंपर, असं लादलं की गाडीचं नाक खाली बसतं, समोरचा चढ चढायचा कोन जातो, आणि ज्या गाडीची सगळी गंमत तिच्या हलकेपणात आहे तीच आपण जड करून टाकतो. टनभराची गाडी आहे ती.

मोटरचं थोडक्यात सांगतो. सिरीज वाउंड मोटर घ्या, पर्मनंट मॅग्नेटवाली स्वस्त असते, करंटही कमी खाते, पण लांब ओढ दिली की लवकर तापते. पूर्ण लोडवर हे विंच चारशे अँपिअरच्या आसपास ओढतात, कुठल्याच गाडीचा अल्टरनेटर एवढं देत नाही, म्हणजे जे जातं ते बॅटरीतून जातं. एक मिनिट सलग ओढलं तर सहा-सात अँपिअर-अवर गेले. म्हणून इंजिन चालू, आरपीएम थोडं वर, आणि ओढायचं तुकड्या तुकड्याने, मध्ये मोटरला हात लावून बघायचा, हात टिकला नाही तर थांबायचं. केबल जाड घ्या, पस्तीस स्क्वेअर एमएम तरी, आणि मध्ये आयसोलेटर स्विच हवाच, कारण चिखल गेलेला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला करंट जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला तर विंच तुमचं ऐकत नाही आणि तेव्हा हाताशी एक खटका असावा लागतो.

दोराबद्दल वाद घालणारे दोन्ही बाजूला भेटतील. माझं मत सिंथेटिकच्या बाजूने आहे आणि त्यामागे पहिलं कारण माणसं आहेत. स्टीलचा वायररोप ताणाखाली तुटला की चाबकासारखा फिरतो, त्यात जीव घेण्याइतकी ताकद असते. सिंथेटिकही तुटतो, त्यालाही घाबरायलाच पाहिजे, पण तो हलका असतो, त्यात साठून राहिलेला जोर आणि वजन दोन्ही कमी. शिवाय पुढच्या ॲक्सलवरचं सात-आठ किलो वजन उतरतं, हाताला काटे लागत नाहीत, आणि पाण्यावर तरंगतो म्हणून ओढ्यात शोधावा लागत नाही. पण त्याचे लाड पुरवावे लागतात. हा धागा दीडशे अंशाच्या आत-बाहेर वितळतो आणि बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो, त्यामुळे लोडवर दोर सोडत खाली उतरायचं काम केलं की ड्रम तापतो आणि सगळ्यात आतला थर भाजतो. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट तर सुरीसारखा, कडेवरून दोर घासत गेला की संपलं, तिथे जाड स्लीव्ह घालायचीच. उन्हातही खराब होतो, वापर नसेल तेव्हा कव्हर घाला. आणि दोर जिथून बाहेर येतो तिथले जुने रोलर तसेच ठेवून नवा सिंथेटिक दोर कधीही घालू नका. वायररोपने त्या रोलरवर बारीक खाचा पाडलेल्या असतात, बोट फिरवून बघा, नखाला लागतात, त्या खाचा नवा दोर कुरतडतात. सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉज, म्हणजे न फिरणारं गोल कडांचं तोंड, वायररोपला रोलर, यांची अदलाबदल नाही.

आता मुख्य गोष्ट.

माझ्या जिप्सीची प्लेट भोसरी एमआयडीसीत झाली. गल्लीच्या आतला छोटा शेड, बाहेर ऑटो कंपन्यांच्या जिग-फिक्श्चरची कामं रचून ठेवलेली, आणि आत साठीच्या पुढचे एक काका. मी विंच टेबलावर ठेवला, त्यांनी विंचकडे बघितलंच नाही, सरळ गाडीखाली गेले आणि तिथूनच विचारलं, "दादा, ओढणार कुठून, समोरूनच की तिरकं पण?" मला तेवढ्या एका प्रश्नावर कळलं की आपण बरोबर माणसाकडे आलोय. म्हटलं, काका, रुतलेली गाडी काय आपल्या सोयीने रुतते, तिरकं पण होणार. "मग नुसती समोरची प्लेट नाही चालायची, मागं आधार घ्यावा लागेल."

त्यांचा एक पोरगा म्हणाला वेल्ड मारून टाकू, अर्ध्या तासात काम होईल. काकांनी मान हलवली. "चासीला आडवं वेल्डिंग मारायचं नाही, तिथं कडेला पत्रा कडक होतो आणि मग तिथंच तडा जातो. ड्रिल मारू." आणि ड्रिल म्हणजे ड्रिल, गॅस कटिंगने पाडलेलं भोक नाही. गॅसचं भोक वाकडंतिकडं आणि सैल असतं, बोल्ट त्यात एका बाजूला टेकतो आणि प्रत्येक ओढीला थोडा थोडा सरकतो.

मग त्यांनी जे केलं ते मी आजही प्रत्येकाला सांगतो. चासीची कांब आतून पोकळ असते, चौकोनी नळीसारखी. तिच्यातून आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही बाजूचे पत्रे आत दबतात, आज घट्ट वाटलं तरी पत्रा दबत राहतो आणि बोल्ट महिनाभरात सैल. काकांनी जाड पाइपचा तुकडा घेतला, चासीच्या आतली रुंदी व्हर्नियरने मोजली, लेथवर तुकडा बरोबर तेवढ्या लांबीचा करून घेतला, दोन्ही तोंडं सपाट, आणि चासीच्या उघड्या टोकाकडून हातोडीच्या दांड्याने हळूहळू आत सरकवला. बॅटरीच्या उजेडात भोकातून बघितलं तर तो तुकडा, म्हणजे बुश, नेमका भोकासमोर येऊन उभा. आता त्यातून बोल्ट गेला की आवळण पत्र्यावर न येता बुशवर येते, पान्यावर जोर टाकला तरी चासी तसूभर दबत नाही. दहा-वीस रुपयांचं लोखंड असेल ते, पण तो बुश नसलेली आणि असलेली प्लेट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्लेट सहा एमएमची, दोन्ही टोकांना वर घडी, म्हणजे ओढ आली की कागदासारखी वाकणार नाही. प्लेटच्या दोन बाजूंनी मागे चासीच्या आत जाणारे आधाराचे पट्टे, वेगळ्या बोल्टांवर, तिरक्या ओढीसाठी. आणि विंचचे चार बोल्ट. दहा इंच बाय साडेचार इंच हे त्या चार भोकांचं माप या आकाराच्या बहुतेक विंचना सारखंच असतं, वॉर्न असो की चायनीज, त्यामुळे उद्या विंच बदलला तरी प्लेट तीच राहते. नाना पेठेत बोल्ट घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो साधा देऊ की एचटी, म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताण झेलणारा, तिथे डोळे झाकून एचटी म्हणा आणि मग डोळे उघडून डोक्यावरचा आकडा वाचा, ८.८ कोरलेलं दिसलं पाहिजे. ज्यांनी विहिरीवर मोट चाललेली बघितली असेल त्यांना हे पटकन कळेल, नाडा झिजला तर नवा वळता येतो, पण चाकाचे खांबच हलले तर बैल कितीही दमदार असोत, उपयोग नाही.

बसवताना एक बघायचं, दोर ड्रमच्या खालच्या बाजूने बाहेर यायला हवा, वरून नाही. खालून आला की ओढ प्लेटच्या जवळून जाते. वरून आला तर विंचला पुढे उलथवायचा जोर येतो, शिवाय ब्रेक एकाच दिशेने धरायला बनवलेला असतो, तो दगा देऊ शकतो. विंचचा दोर मोकळा सोडायच्या क्लचचा खटका हाताला येतो का, रेडिएटरसमोरची हवा किती अडते, हेही प्लेट कापायच्या आधी बघा. आमच्याकडे काकांनी आधी पुठ्ठ्याची प्लेट कापून लावून बघितली, बॉनेट उघडून बंद करून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मग लोखंडाला हात घातला.

नव्या गाड्यांना अजून एक बाजू आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. थार-जिम्नीला एअरबॅग आहेत, पुढचा भाग ठराविक पद्धतीने चेपला जावा म्हणून बनवलेला आहे, आणि तो नमुना वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेला असतो. आपण समोर धिप्पाड लोखंडी बंपर लावला की ते सगळं गणित बदलतं, आणि पायी चालणारा माणूस आपल्यासमोर आला तर त्याचं काय होईल हाही प्रश्न आहेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बारविरुद्ध, म्हणजे समोर लावायच्या अशा लोखंडी बारविरुद्ध, पत्रक काढलं ते याचमुळे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्यात आहे. म्हणून मी कंपनीच्या बंपरमागे लपणारी प्लेट आणि बाहेर फक्त दोराचं तोंड, या बाजूचा आहे, तेही गाडीचं चेपणारं टोक न अडवता जमत असेल तरच. आणि आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा. मोनोकॉक बॉडीच्या एसयूव्हीला तर घरगुती प्लेट लावायचा विचारही करू नका, तिथे धरायला चासीच नाही.

विंच लागला म्हणजे कुठेही घुसायचा परवाना मिळाला, असं काही जणांना वाटतं त्याचा मला मनापासून राग येतो. मुळशीकडे एका वाडीजवळ आम्ही रस्त्यातच रुतलो होतो, पलीकडच्या खाचराच्या बांधावर मजबूत जांभूळ होतं. आधी घरात जाऊन विचारलं. तिथल्या आजी म्हणाल्या, "झाडाला बांधा की, पण बांधावरनं गाडी नका घालू, पाणी जाईल सगळं." बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि नुकतं लावलेलं भात उघडं पडतं, आपली पाच मिनिटांची मजा आणि त्यांचं वर्षाचं धान्य. झाडाला दोर थेट कधीच गुंडाळायचा नाही, साल सोलली जाते आणि झाड वाळतं. तीन इंच रुंद पट्टा, बुंध्याला अगदी खाली. ऐन, जांभूळ, जुना आंबा उत्तम. पांगारा-शेवगा नको, मऊ लाकूड. आणि वनखात्याच्या हद्दीत तर जायचंच नाही.

त्याच ठिकाणी दुसरी गोष्ट घडली जी प्रत्येक गावात घडते. गाडी रुतली म्हटलं की पाच मिनिटांत दहा माणसं आणि पंधरा पोरं जमतात, सगळी मदतीलाच आलेली असतात, आणि सगळी नेमकी ताणलेल्या दोराच्या बाजूला उभी राहतात, एखादा तर दोरावरून पाय टाकून पलीकडे जातो. तेव्हा ओरडायचं नाही, गोड बोलून कामं वाटायची, आजोबांना म्हणायचं तुम्ही पोरांना त्या ओट्यावर घेऊन बसा, एकाला वरच्या रस्त्यावर उभं करायचं, आणि बाहेर काढलेल्या दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर सगळे गेल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. दोराच्या मधोमध भिजलेलं पोतं टाकायचं, तुटलाच तर दोर खाली बसतो. रिमोट एकाच्याच हातात, खुणा एकच जण करणार, बाकीचे गप्प.

दोर नवा असेल तर मोहिमेच्या आधी तो एकदा ताणाखाली गुंडाळून घ्या. दुकानातून येतो तेव्हा तो ड्रमवर सैल असतो, आणि सैल थरावर जोर आला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांमध्ये रुततो आणि अडकतो. मोकळ्या सौम्य उतारावर वरच्या बाजूला दुसरी गाडी उभी करून तिच्या टो हुकला दोर लावा, आपल्या गाडीत एकाने ब्रेक हलकासा धरून ठेवायचा, आणि विंचने स्वतःला चढावर ओढत न्यायचं, एकाने बाजूला लांब उभं राहून वेढे शेजारी शेजारी बसतायत ना बघायचं. ड्रमवर सिंथेटिकचे आठ-दहा वेढे नेहमी शिल्लक ठेवा, दोराचं टोक ड्रमला ज्या छोट्या स्क्रूने लावलेलं असतं तो ओढ झेलायला नाहीच, झेलतं ते त्या वेढ्यांचं घर्षण.

आणि पहिली खरी ओढ झाली की घरी येऊन चिखल धुतल्यावर गाडीखाली जा. काकांनी प्रत्येक नट आवळल्यावर नटावरून प्लेटवर पिवळ्या मार्करची एक रेघ ओढून दिली होती. रेघ सरळ असेल तर नट हललेला नाही, रेघ तुटलेली दिसली तर टॉर्क रेंच घेऊन तो नट परत आवळा, जुनी रेघ थिनरने पुसा आणि नवी ओढा. विंचच्या चार बोल्टांवर आणि चासीच्या प्रत्येक बोल्टावर.